'बाबा' की 'मामा'? : सर्पदंश आणि हरवलेली वाचा

मराठीत भीती आणि वाचा यांची जोडी जुनी आहे. घाबरलेल्या माणसाची बोबडी वळते, दातखीळ बसते, तोंडातून शब्द फुटत नाही, एखाद्याची वाचाच बसते. हे वाक्प्रचार आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यांत जीभ, जबडा, टाळू, घसा अशा खऱ्याखुऱ्या अवयवांची नावे दडली आहेत हे ध्यानात येत नाही. विषारी साप चावलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र हे वाक्प्रचार अक्षरशः खरे होतात. त्याची जीभ जड होते, शब्द बोबडे पडतात, आवाज नाकातून येऊ लागतो. भोवतीचे लोक म्हणतात, "घाबरलाय बिचारा, बोबडी वळलीय. पाणी पाजा, धीर द्या." इथेच घात होतो. ही बोबडी भीतीने वळलेली नसते. विषाने वळलेली असते. आणि त्या क्षणी पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते.

मी वाचा-उपचाराचे काम करते. शहरात मला 'स्पीच थेरपिस्ट' म्हणतात, खेड्यांतून 'बोलायच्या डॉक्टरीणबाई'. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत काम करताना माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण पक्षाघाताचे, तोतरेपणाचे किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलांचे असतात. पण दर पावसाळ्यानंतर काही माणसे वेगळ्याच कारणाने येतात. 'पान लागलं होतं' असे सांगतात. आपल्याकडे सापाचे नाव घेत नाहीत. रात्री तर नाहीच. तो 'जनावर' असतो, 'लांबडं' असतो, आणि त्याचे चावणे म्हणजे 'पान लागणे'. ज्याचे नावही उच्चारायचे नाही, त्याच्या दंशाने उच्चारच हिरावला जावा, हा योगायोग मला दर वेळी अस्वस्थ करतो. सर्पदंशाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण वाचलेल्या माणसाच्या वाचेबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. म्हणून हा लेख. यात आलेल्या रुग्णांची ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत.

चार साप, दोन वाटा

महाराष्ट्रात माणसाच्या मृत्यूला प्रामुख्याने चार साप कारण होतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. वाचेच्या दृष्टीने पाहिले तर या चौघांच्या दोन जोड्या पडतात. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडते. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताच्या गोठण्यावर घाला घालते. पहिल्या जोडीत बोलण्याचे यंत्र बंद पडते, भाषा शाबूत राहते. दुसऱ्या जोडीत, क्वचित पण भयंकर अशा प्रसंगी, मेंदूत रक्तस्राव होतो किंवा रक्तवाहिनी बंद पडते, आणि मग यंत्र शाबूत राहून भाषाच हरवते. हा फरक समजला की पुढचे सारे समजते.

मज्जातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यात एक सूक्ष्म फट असते. मेंदूचा हुकूम टोकापर्यंत आला की तिथून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन फटीत सुटते, पलीकडच्या स्नायूवरील ग्राहकांना चिकटते आणि स्नायू आखडतो. नागाचे विष पलीकडच्या ग्राहकांवर जाऊन बसते. कुलपात दुसरीच किल्ली अडकून बसावी तसे. ही किल्ली निघू शकते. प्रतिविष आणि निओस्टिग्मीन हे औषध यांनी कित्येकदा काही तासांत फरक दिसतो. मण्यारीचे विष मुख्यतः अलीकडच्या टोकावर काम करते. तिथली रसायनाची कोठारे रिकामी होतात आणि टोकच मोडून पडते. एकदा ते मोडले की प्रतिविषाने जुळत नाही; शरीराने नवे टोक वाढवावे लागते आणि त्याला दिवस लागतात. तोवर श्वास यंत्राने चालवावा लागतो.

ही यंत्रणा उलगडण्यात सापांनीच विज्ञानाला मदत केली. तैवानमध्ये चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये तिकडच्या मण्यारीच्या विषातून 'बंगारोटॉक्सिन' वेगळे केले. त्याचा एक प्रकार स्नायूवरील ग्राहकांना इतका घट्ट चिकटतो की त्याच्याच आधाराने ते ग्राहक शोधता आले. पुढे 'मायस्थेनिया ग्रेव्हिस' या आजाराचे कोडेही त्यातूनच सुटत गेले. त्या आजारातही पापण्या जड होतात, आवाज गेंगाणा होतो, घास गिळवत नाही. लक्षणे सारखी, कारण जागा तीच.

आपल्याजवळचे नाव घ्यायचे तर महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर या दांपत्याचे. विंचूदंशावरील त्यांचे काम जगभर गेले. पण सर्पदंशावरही त्यांनी सातत्याने लिहिले आहे. पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशाचे चित्र मांडणारा त्यांचा शोधनिबंध २००२ चा; मण्यार आणि नाग यांच्या दंशाची लक्षणे आणि ग्रामीण परिस्थितीतील उपचार यांवरचा २००४ चा. घाट उतरला की महाड. त्यामुळे त्यांनी नोंदवलेले रुग्ण आणि जावळी-पाटणच्या वाड्यांतून येणारे रुग्ण यांत मला काही वेगळेपण दिसत नाही.

वर्णमालेचा नकाशा

मण्यार रात्री फिरते आणि बहुतेकदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, सुजत नाही. कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो. घरचे ओवा देतात. मग पापण्या मिटू लागतात आणि आवाज बदलतो.

कोयनाकाठच्या एका वाडीतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाची हकिगत त्याच्या वडिलांनी मला नंतर सांगितली. पहाटे पोटदुखीने उठलेला मुलगा सकाळी सारखा 'मामा, मामा' म्हणू लागला. मामा तर मुंबईला. आजी म्हणाली, "भावाची आठवण काढतंय लेकरू." कुणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. मुलगा वडिलांकडे पाहून, हात पुढे करून 'मामा'च म्हणत होता. तो मामाला बोलावत नव्हता. तो 'बाबा' म्हणत होता.

हे कसे घडते ते वाचकांना घरबसल्या ताडून पाहता येईल. नाक चिमटीत धरा आणि 'मामा' म्हणा. 'बाबा'च्या जवळचे काहीतरी ऐकू येईल. 'ब' आणि 'म' दोन्ही ओठ मिटूनच होतात. फरक एवढाच की 'म' म्हणताना मऊ टाळू, म्हणजे पडजीभ जिथून लोंबते तो पडदा, खाली असतो आणि हवा नाकात जाते. 'ब' म्हणताना तो वर उचलून नाकाची वाट बंद करतो. विषाने हा पडदा लुळा पडला की नाकाची वाट उघडीच राहते आणि माणसाला 'ब' म्हणताच येत नाही. त्याच न्यायाने 'द'चा 'न' होतो, 'ड'चा 'ण' होतो. 'दादा'चे 'नाना' होतात. मराठी घरात बाबा, मामा, दादा, नाना हे सगळे असतातच; त्यामुळे उच्चार बिघडला आहे हे कळण्याऐवजी माणूस भ्रमात आहे असे वाटते.

आपली वर्णमाला अशा वेळी मला एखाद्या नकाशासारखी वाटते. प्राचीन शिक्षाग्रंथकारांनी वर्ण लावले ते तोंडातल्या जागांप्रमाणे : कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या जागेचा अनुनासिक : ङ, ञ, ण, न, म. मऊ टाळू लुळा पडतो तेव्हा प्रत्येक ओळ आपल्या शेवटच्या वर्णाकडे घसरत जाते. 'प', 'त', 'क' यांच्यासाठी तोंडात जो दाब साठवावा लागतो तो नाकातून निसटतो आणि हे वर्ण पोकळ होतात; 'स' आणि 'श' यांच्याबरोबर नाकातून फुसफुस ऐकू येते. जीभ जड झाली की 'ट', 'ड', 'ळ' जातात, कारण टोक वर वळवावे लागते. ओठांची मिठी सुटली की 'प' आणि 'फ' यांतला फरक पुसला जातो. छातीचे स्नायू थकू लागले की महाप्राणांतला प्राण कमी होतो, वाक्ये तुटतात, आवाज कुजबुजीवर येतो. 'महाप्राण' हा शब्द किती नेमका आहे, हे मला व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा या रुग्णांमुळे अधिक कळले.

म्हणून सर्पदंशाच्या संशयात माणसाला बोलते ठेवणे ही तपासणीच असते. डॉक्टर रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला सांगतात. निरोगी प्रौढ माणूस सहज तीसपर्यंत किंवा त्यापुढे जातो. अर्ध्या तासापूर्वी पंचविसापर्यंत पोचलेला माणूस आता बारावर थांबत असेल, तर श्वासाचे स्नायू हरत चालले आहेत. जीभ दातांबाहेर काढता येते का, उशीवरून मान उचलता येते का, थुंकी गिळता येते की ओठांच्या कडेने गळते, हे पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही.

आपल्याकडे कडुलिंबाचा पाला चावायला देण्याची पद्धत आहे. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढले, असा समज. या परीक्षेने विष कळत नाही. एवढेच होते की वेळ जातो, आणि गिळण्याची शक्ती गेली असेल तर पाला घशात अडकतो. त्याऐवजी 'बाबा, दादा, डबा' हे तीन शब्द म्हणायला लावले आणि 'मामा, नाना, णमा' असे ऐकू आले, तर एक क्षणही न दवडता श्वसनयंत्र असलेले रुग्णालय गाठायला हवे. पण शब्द स्पष्ट आले म्हणजे धोका नाही, असे मात्र समजू नये. विष चढायला कित्येक तास लागू शकतात. संशय आला की निघायचेच.

जागा, पण निःशब्द

लकवा डोळ्यांपासून खाली उतरत जातो. शेवटी पापण्या उघडत नाहीत, बाहुल्या प्रकाशाला दाद देत नाहीत, हातपाय पडून राहतात, श्वास यंत्र देते. पाहणाऱ्याला वाटते की मेंदू संपला. पण मण्यार किंवा नाग यांचे विष सहसा मेंदूपर्यंत पोचत नाही. श्वास वेळेवर मिळाला असेल तर आतला माणूस पूर्ण जागा असतो. त्याला सगळे ऐकू येते.

बरे झालेल्या अनेकांनी मला याच गोष्टी सांगितल्या आहेत : खाटेजवळ झालेली खर्चाची चर्चा, कुणीतरी काढलेला विधीचा विषय, आईचे रडणे. एक बाई म्हणाली, "ताई, मला सगळं ऐकू येत होतं. म्हणायचं होतं, मी हाय. पण कशानं म्हणणार?"

या अवस्थेत वाचा-उपचाराचे पहिले काम बोलायला शिकवणे हे नसतेच. मोडलेली मज्जातंतूंची टोके व्यायामाने लवकर वाढत नाहीत. ती त्यांच्या गतीने वाढतात. या दिवसांत काम असते ते संवादाची फट शोधण्याचे. सारे अंग लुळे असले तरी अनेकदा हाताचे किंवा पायाचे बोट किंचित हलते. एकदा हलवले तर 'हो', दोनदा हलवले तर 'नाही', एवढा करार झाला की माणूस पुन्हा माणसांत येतो. दुखते आहे का, तहान लागली का, कूस बदलायची का, हे विचारता येते. डोळे उघडू लागले की वर्णमालेचा तक्ता : मी ओळीवर बोट ठेवते, रुग्ण हवी ती ओळ आली की खूण करतो, मग त्या ओळीतला वर्ण. अशा तक्त्यावरून एका माणसाने पहिल्यांदा जुळवलेला शब्द होता 'म्हैस'. दूध कोण काढतेय, याची त्याला चिंता होती.

नातेवाइकांना मी एकच सांगते : त्यांच्याशी बोला. आज वार कोणता, किती वाजले, घरी कोण आहे, ते सांगा. उत्तर येणार नाही, पण बोलणे पोचते आहे.

नळी निघाल्यावर

श्वासाची नळी स्वरतंतूंच्या मधून जाते. ती असेपर्यंत आवाज निघूच शकत नाही. आठवडा-दोन आठवडे नळी लागली तर डॉक्टर कधी गळ्याला छेद देऊन तिथून नळी बसवतात. नळी निघते तेव्हा घरच्यांची अपेक्षा असते की आता माणूस बोलेल. पण आवाज घोगरा येतो, फाटतो किंवा नुसती हवा येते. स्वरतंतूंना सूज असते, कधी त्यांवर गाठ येते, कधी एक तंतू हलत नाही. बहुतेकांचा आवाज काही दिवसांत सुधारतो. ज्यांचा काही आठवड्यांत सुधारत नाही, त्यांचा घसा कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीने पाहायला हवा.

त्याहून महत्त्वाचे गिळणे. बोलणे आणि गिळणे यांचे स्नायू एकच. ज्याचा आवाज ओला, बुडबुड्यांसारखा येतो, त्याच्या स्वरयंत्राशी पाणी साठते आहे असे समजावे. अशा माणसाला प्रेमाने पाजलेला चहा फुप्फुसात जातो आणि विषातून वाचलेला माणूस न्यूमोनियाने जातो. पातळ पदार्थ सर्वांत धोक्याचा, हे घरच्यांना पटवणे फार अवघड असते. आजाऱ्याला पेज, सरबत, चहा द्यायचा हाच आपला संस्कार. मी बसवून, हनुवटी खाली घ्यायला लावून, चमच्याने आधी दाटसर काही देऊन पाहते, दोन घासांमध्ये आवाज ऐकते. आवाज कोरडा राहिला तर पुढचा चमचा.

ऊसतोडीला आलेली एक बाई गाळपाच्या हंगामात कोपीत झोपली असताना मण्यार चावली. ती वाचली. नळी निघाल्यावर तिचा आवाज कुजबुजीपलीकडे जाईना. फडात माणसे एकमेकांना हाळी देऊन काम करतात. गाडीवानाला थांबवायचे, मुलाला बैलापासून दूर हाकायचे, तर आवाज लागतो. "बाई मुकी झाली" असे म्हणून मुकादमाने जोडी मोडायची भाषा केली. तिच्यासाठी आवाज म्हणजे कोयत्याइतकेच हत्यार होते. आम्ही श्वास धरून भिंत ढकलत स्वर लावण्याचे, मग लहान हाळीचे सराव केले. आठ आठवड्यांत हाळी परत आली. पण हंगाम संपून ती बीडकडे परतली असती, तर तिचा सराव कोणी पुढे नेला असता, हा प्रश्न उरतोच.

घोणस आणि हरवलेली भाषा

उसाच्या, हळदीच्या, भुईमुगाच्या रानात घोणस असते. शेतीची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन पाणी धरायला जातो, आणि पाय नेमका तिच्यावर पडतो. घोणशीचे विष रक्तातील गोठण्याचे घटक भराभर वापरून संपवते. मग रक्त गोठतच नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि नळी कलंडायची. रक्त ओघळले तर विष चढले आहे. ही साधी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते.

पाय सुजतो, काहींना मूत्रपिंडाचा त्रास होतो. काही थोड्यांच्या मेंदूत रक्तस्राव होतो किंवा गाठ अडकते. हा भाग डावा असेल तर भाषा जाते. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या शल्यतज्ज्ञाने एका रुग्णाचा मेंदू तपासला. तो रुग्ण कित्येक वर्षे 'टॅन' एवढेच उच्चारू शकत असे. त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. तेव्हापासून भाषेची जागा शोधण्याला दिशा मिळाली.

वारणाकाठचा एक शेतकरी असाच माझ्याकडे आला. उजवा हात कमजोर, चेहरा शांत, आणि तोंडात तीनच शब्द : 'पाणी', 'नाय' आणि एक शिवी. त्याला समजत सगळे होते. जीभ हलत होती, टाळू उचलत होता, 'बाबा' म्हणायला सांगितले तर 'बाबा' म्हणता येत होते. पण स्वतःहून म्हणायचे झाले की शब्द सापडत नसे. मण्यारीच्या रुग्णाजवळ शब्द असतो, वाट बंद असते. घोणशीच्या या रुग्णाजवळ वाट मोकळी असते, शब्द सापडत नाही. पहिल्याला वेळ बरे करतो. दुसऱ्याला महिने, वर्षे काम करावे लागते.

या कामात मला आपल्या पाठांतराच्या परंपरेचा मोठा आधार मिळतो. स्वतःचे वाक्य न जुळणारा माणूस एक ते दहा आकडे, वारांची नावे, गणपतीची आरती, हरिपाठ मात्र पुष्कळदा धडाधड म्हणतो. सुरातले आणि मुखोद्गत बोलणे मेंदूत थोड्या वेगळ्या वाटेने जाते, त्यात उजव्या बाजूचाही हातभार असतो असे मानतात. याच निरीक्षणावर मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी बॉस्टनमध्ये १९७३ मध्ये सुरावर आधारलेली उपचारपद्धती मांडली. त्या शेतकऱ्याच्या बायकोने सांगितले की ते भजनी मंडळात टाळ वाजवत. आम्ही टाळापासूनच सुरुवात केली. डाव्या हाताने ठेका, ठेक्यावर 'पा-णी-दे', मग 'च-हा-दे', मग ठेका हळूहळू कमी. सव्वा वर्षाने ते चार-पाच शब्दांचे वाक्य बोलू लागले. बाजारात भाव विचारता येतो. भांडता येत नाही अजून. ते त्यांना फार लागते.

इंग्रजी पुस्तकांतले सराव इथे तसेच्या तसे चालत नाहीत. चित्रांत टोस्ट आणि स्नोमॅन असून उपयोग नाही; खुरपे, दावे, एसटी, पंप, चटणी हवी. बोलीही तीच हवी. 'नाही' शिकवण्याच्या हट्टात 'न्हाय' मारले, तर माणूस आपल्याच घरात परका होतो.

मोजमापात नसलेली वाचा

भारतातील मृत्यूंच्या मोठ्या पाहणीच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत प्राधान्याचे स्थान दिले. तिच्या अंदाजाने जगात मृत्यूंच्या सुमारे तिप्पट माणसे अवयव गमावतात किंवा कायमची अधू होतात. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला; २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे ध्येय. हे सारे स्वागतार्ह आहे. पण मोजणी मृत्यूची आणि फार तर तुटलेल्या अवयवांची होते. गेलेल्या आवाजाची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

आपल्या राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह योजनेत सर्पदंश येतो. मृत्यू झाला तर २ लाख रुपये. दोन डोळे, दोन अवयव किंवा एक डोळा व एक अवयव निकामी झाला तर २ लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. या यादीत वाचा नाही. वारणाकाठच्या त्या शेतकऱ्याचा हात बऱ्यापैकी सुधारला, आणि तो 'धडधाकट' ठरला. दुसरीकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगता स्पष्टपणे नमूद आहे. मेंदूच्या आजाराने आलेला वाचाघात त्यात बसतो. म्हणजे एका कायद्याला जे अपंगत्व दिसते, ते दुसऱ्या योजनेला दिसत नाही. अनेक रुग्णांना हे प्रमाणपत्र मागता येते हेच माहीत नसते. ते मागायचे तर बोलावे लागते, हा भाग वेगळाच.

उपचार मिळण्याचेही तसेच. जिल्हा रुग्णालयांच्या आवारातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रे २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, म्हणून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची. चाळिशीतला शेतकरी त्यात बसत नाही. मिरज, कऱ्हाड, सांगली, सातारा इथे मोठी रुग्णालये आहेत. पण माण, जत, आटपाडी किंवा पाटणच्या टोकाहून आठवड्यातून दोनदा तिथे यायचे म्हणजे दोन माणसांची मजुरी आणि एसटीचे भाडे. बहुतेक जण चौथ्या खेपेनंतर यायचे थांबतात. फोनवरून घेतलेल्या सरावाने थोडे काम होते, पण गिळण्याची तपासणी फोनवरून होत नाही.

करता येण्याजोग्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. श्वसनयंत्रावरून निघालेल्या प्रत्येक सर्पदंश रुग्णाची घरी सोडण्यापूर्वी गिळण्याची आणि आवाजाची तपासणी व्हावी, आणि तसे कार्डावर लिहावे. अपघात योजनेच्या यादीत वाचेला जागा मिळावी. आशा सेविकांच्या प्रशिक्षणात पापण्या, गेंगाणा आवाज आणि गळणारी थुंकी ही त्रयी असावी. रात्रीचे पाणी धरणे टळावे म्हणून दिवसा वीज मिळावी. ती केवळ सोयीची मागणी नाही. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी यांनीही मण्यार दूर राहते. नेपाळमध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीखाली झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे दिसले. आणि दंश झालाच, तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे, देवळात नेणे यांतले काहीही न करता, चावलेला भाग स्थिर ठेवून, तोंडावाटे काही न देता, १०८ ला फोन करून निघणे.

बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला नागाची पूजा होते. सापाविषयी आपल्या मनात भय आणि भक्ती दोन्ही शेकडो वर्षे आहेत. त्यांत दोष नाही. पण भय आणि भक्ती दोन्ही माणसाला गप्प करतात. साप चावलेला माणूस बोलत असतो, अगदी शेवटपर्यंत काही सांगत असतो. त्याचे शब्द वाकडे येतात एवढेच. ते कान देऊन ऐकले, तर 'मामा'मागचा 'बाबा' ऐकू येतो, आणि त्या एका वर्णाच्या फरकावर कधीकधी एक आयुष्य उभे असते.